मानसिक आजार असलेला माणूस म्हणजे धोका?

"मानसिक आजार असलेली माणसं हिंसक असतात, लांबच राहा" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. बातम्यांत तेच दिसतं म्हणून खरं वाटणं साहजिक आहे, पण डिप्रेशन असो की स्किझोफ्रेनिया, बहुतेक पेशंट कधीच कुणावर हात उचलत नाहीत, उलट त्यांनाच मारहाण, छळ सोसावा लागण्याची शक्यता जास्त असते. हो, काही गंभीर आजारांत धोका थोडा वाढतो, तोही मुख्यतः उपचार बंद असतील आणि सोबत दारू-ड्रग्ज असतील तेव्हा. तपासायचंय? गुन्ह्याची बातमी वाचताना बघा, 'वेडसर' हा शब्द डॉक्टरांच्या तपासणीतून आलाय की शेजाऱ्यांच्या तोंडून. आणि गोळ्या घेऊन रोज कामावर जाणाऱ्यांची तर बातमीच होत नाही. आपण लांब राहिलो की माणूस आजार लपवतो, उपचार लांबतात, मला त्याची जास्त काळजी वाटते.