किशोरवयीन मुली आणि सामाजिक कलंक : वयात येण्याचे चित्रपट

वयात येत असलेल्या मुलीला समाजाने नावे ठेवली आणि अंगावर बसलेला तो शिक्का घेऊनच तिला मोठे व्हावे लागले, अशी गोष्ट सांगणारे कथापट या प्रकारात मोडतात. नायिकेचे वय साधारण 11 ते 19. शिक्का बसण्याचे निमित्त काहीही असते : पाळी, लग्नाआधीचे गर्भारपण, गर्भपात, झालेला बलात्कार, मुलीचे मुलीवरचे प्रेम, जाड शरीर, वंश, किंवा नुसते मोकळेपणाने हसणे-खिदळणे. वयात येणाऱ्या मुलाच्या चित्रपटात नायक बहुधा घर सोडून जग बघायला निघतो. मुलीच्या बाबतीत जगच तिच्याकडे रोखून बघू लागते आणि गोष्टीला तिथून सुरुवात होते. म्हणून असा चित्रपट पाहताना दोन गोष्टी तपासाव्यात. कॅमेरा बघ्यांमध्ये उभा आहे की मुलीच्या बाजूने, आणि कठीण वेळी तिच्या शेजारी कोण उभे राहते.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 मध्ये ‘स्टिग्मा’ या पुस्तकात कलंकित ठरवलेल्या माणसांचे दोन गट मांडले. एकांचे वेगळेपण पाहताक्षणी कळते. दुसऱ्यांचे लपलेले असते, पण कधीही उघडे पडू शकते. या चित्रपटांना ही विभागणी चपखल लागू पडते. पहिल्या गटातली मुलगी रोजचे टोमणे सोसते. दुसऱ्या गटातली सतत हिशेब ठेवते : कोणाला काय माहीत आहे, कोणाला काय सांगायचे. डी रीस यांच्या ‘परायाह’ (2011) मधली ब्रुकलिनची, मुलींवर प्रेम करणारी 17 वर्षांची अलीके रात्री घरी परतताना बसमध्येच ढगळ टी-शर्ट आणि टोपी उतरवते, कानांत डूल घालते आणि आईला हवी तशी मुलगी होऊन उतरते. एक संवादही नसलेले हे दृश्य तिचे दुहेरी जगणे पूर्ण सांगते.

कुजबुज

कलंक लावायला हुकूम लागत नाही, कुजबुज पुरते. पीटर मलन यांच्या ‘द मॅग्डलीन सिस्टर्स’ (2002) मध्ये हे जितके नेमके दिसते तितके क्वचितच कुठे दिसले असेल. 1964 चे आयर्लंड, लग्नाचा समारंभ, गाणे-बजावणे ऐन भरात. आतल्या खोलीत मार्गारेटवर तिचाच चुलतभाऊ बलात्कार करतो. ती बाहेर येऊन एका मुलीला सांगते. वाद्यांच्या आवाजात आपल्याला शब्द ऐकू येत नाहीत, दिसतात फक्त चेहरे. बातमी एका कानातून दुसऱ्या कानात जाते, पुरुष एकमेकांकडे बघतात, आणि अखेरीस सगळ्यांच्या नजरा मुलीवर येऊन थांबतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर काढले जाते ते तिलाच. तिची रवानगी चर्चच्या धुलाईगृहात होते, जिथे ‘वाया गेलेल्या’ मुलींकडून बिनपगारी कपडे धुऊन घेत. चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला, कॅथलिक धर्मपीठाकडून कडाडून टीकाही झाली. असे शेवटचे धुलाईगृह 1996 मध्ये बंद झाले आणि आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती 2013 मध्ये.

डेनिझ गाम्झे एर्ग्युवेन यांचा ‘मस्टँग’ (2015) याहून क्षुल्लक निमित्तावर उभा आहे. तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठच्या गावी शाळेचा शेवटचा दिवस. पाच अनाथ बहिणी वर्गातल्या मुलांच्या खांद्यांवर बसून पाण्यात खेळतात. त्या घरी पोहोचायच्या आधी शेजारणीची चहाडी आजीपर्यंत पोहोचलेली असते. मग मार, मग फोन आणि संगणक जप्त, कौमार्याची तपासणी, अंगभर मातकट झगे, खिडक्यांना गज आणि एकेकीचे लग्न. आजी दुष्ट नाही, हे या चित्रपटाचे मोठेपण. तिला नातींची काळजीच वाटते. पण लोक काय म्हणतील या धाकापुढे तिला दुसरे काही सुचत नाही.

सेन्सॉर आणि शेवट

या प्रकाराची मुळे शोधताना जर्मनीतल्या ‘मेडशेन इन युनिफॉर्म’पर्यंत (1931) जावे लागते. क्रिस्टा विन्स्लो यांच्या नाटकावरून लिओन्टीन सागान यांनी केलेल्या या चित्रपटात एकही पुरुष पात्र नाही. मुलींच्या वसतिगृहात राहणारी मानुएला आपल्या शिक्षिकेवरचे प्रेम सगळ्यांसमोर बोलून दाखवते. मुख्याध्यापिका तिला एकटे ठेवते आणि इतरांना तिच्याशी बोलायची बंदी करते. नाटकात मानुएला मरते. पडद्यावर मात्र इतर मुली बंदी झुगारून तिला शोधत धावतात आणि उडी मारायला निघालेल्या तिला जिन्यावरून मागे खेचतात.

हॉलिवूडमध्ये असे काही दाखवणे पुढे फार अवघड झाले. 1930 मध्ये आखलेली आणि 1934 पासून कडकपणे राबवलेली, पडद्यावर काय दाखवायचे हे ठरवणारी निर्मिती-आचारसंहिता 1968 पर्यंत टिकली. तिच्या चौकटीत ‘चुकलेल्या’ मुलीने पस्तावणे, मरणे किंवा बोहल्यावर चढणे एवढेच पर्याय उरत. ‘ब्लू डेनिम’ या नाटकात 15 वर्षांची मुलगी गर्भपात करून घेते. 1959 च्या चित्रपटात तो ऐनवेळी थांबवून तिचे लग्न लावून दिले. नाटकाचा विषयच त्यामुळे नाहीसा झाला.

गर्भारपण

ब्रिटनमध्ये कोंडी फोडली ती एका तरुणीच्या लेखणीने. शीला डिलेनी यांचे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ 1958 मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा त्या 19 वर्षांच्या होत्या. टोनी रिचर्डसन यांच्या 1961 च्या चित्रपटातली जो ही सॉलफर्डची कामगारवस्तीतली मुलगी. कृष्णवर्णीय खलाशापासून दिवस राहिलेले, आई स्वतःच्या संसारात रमलेली, आणि सांभाळायला एक समलिंगी मित्र. समाजाने बाजूला सारलेले दोघे जण मोडक्या खोलीत घर मांडतात, आणि चित्रपट त्यांच्यावर कसलाही निवाडा लादत नाही. जोची भूमिका करणाऱ्या रीटा टशिंगहॅम यांना कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

जेसन राइटमन यांच्या ‘जुनो’मध्ये (2007) पोट दिसू लागलेली मुलगी शाळेच्या बोळातून चालते तेव्हा गर्दी आपोआप दुभंगते. सोनोग्राफी करणारी बाई कोवळ्या वयातल्या आयांबद्दल तुच्छतेने बोलते, आणि सावत्र आई तिथल्या तिथे तिची खरडपट्टी काढते. सावत्र आईच्या तोंडी ही बाजू देणे ही लेखिका डायब्लो कोडी यांची सुंदर कल्पना. पटकथेला ऑस्कर मिळाले. चित्रपटाने किशोरवयीन गर्भारपण फार सोपे करून दाखवले, हा आक्षेप मात्र पूर्णपणे खोडून काढता येत नाही.

एलायझा हिटमन यांचा ‘नेव्हर रेअर्ली समटाइम्स ऑलवेज’ (2020) त्या सोपेपणाला जागाच देत नाही. सुरुवातीलाच ऑटम शाळेच्या कार्यक्रमात गाऊ लागते आणि प्रेक्षकांतून एक मुलगा तिला शिवी हासडतो. 17 वर्षांच्या मुलीला पेनसिल्व्हेनियात पालकांच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही, म्हणून ती मामे-मावस नात्यातल्या बहिणीला घेऊन बसने न्यूयॉर्क गाठते. तिथे समुपदेशक ठरावीक प्रश्न विचारते : जोडीदाराने कधी मारले का, जबरदस्ती केली का. उत्तर चार शब्दांपैकी एक द्यायचे : कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. कॅमेरा ऑटमच्या चेहऱ्यावरून हलत नाही. ती आधी पटपट उत्तरे देते, मग अडखळते, मग तिला बोलवत नाही. गर्भ कोणाचा हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही, आणि ते विचारण्याचा हक्क आपल्याला नाही हे प्रेक्षकाला कळून चुकते.

पाळी, शरीर, वंश

ब्रायन डी पाल्मा यांच्या ‘कॅरी’त (1976) नायिकेला पहिली पाळी शाळेच्या न्हाणीघरात येते. आईने काहीच सांगितलेले नसल्यामुळे आपण मरतो आहोत असे वाटून ती मदत मागते, आणि मुली हसत तिच्यावर पॅड व टॅम्पॉन फेकतात. भयपटाचे सारे भय त्या हसण्यात आहे. पुढचे रक्त आणि आग हा केवळ त्याचा परिणाम. याच विषयावर पिक्सारच्या ‘टर्निंग रेड’मध्ये (2022) दिग्दर्शिका डोमी शी यांनी विनोद केला, तोही मुलीला न दुखवता. 13 वर्षांच्या मेलिनची आई पॅडचे पाकीट दाखवत थेट शाळेत हजर होते. अवघडलेपण तेच, पण मेलिनच्या मैत्रिणी तिला सोडून जात नाहीत.

पॅट्रिशिया कार्डोसो यांच्या ‘रिअल विमेन हॅव कर्व्ह्ज’मध्ये (2002) शिलाई कारखान्यातल्या उकाड्याला कंटाळून 18 वर्षांची आना कपडे उतरवते, पाठोपाठ इतर कामगार बायाही, आणि सगळ्या एकमेकींना पोटावरच्या ताणाच्या खुणा दाखवत हसतात. आईला ते बघवत नाही.

‘सामी ब्लड’ (2016) मधला घाव यापेक्षा खोल आहे. दिग्दर्शिका आमांडा केरनेल यांच्या वडिलांकडची मंडळी सामी, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडचे आदिवासी. काळ 1930 चे दशक. स्वीडनमध्ये वंशशास्त्राची सरकारी संस्था 1922 पासून उप्सालात चालू होती. तिथली माणसे सामींच्या वसतिशाळेत येऊन मुलींची डोकी मोजतात, त्यांना विवस्त्र करून फोटो काढतात, आणि खिडकीतून गावातली पोरे बघत असतात. तीच पोरे पुढे 14 वर्षांच्या एल्ले-मार्याच्या कानाला रेनडिअरसारखी खूण कापतात. ती भाषा, पोशाख, नाव सगळे टाकून स्वीडिश होते आणि त्याची किंमत म्हातारपणापर्यंत मोजत राहते.

फोन आणि नजर

2013 च्या नव्या ‘कॅरी’त न्हाणीघरातल्या प्रकाराचे फोनवर चित्रण होऊन ते इंटरनेटवर जाते. शुची तलाटी यांच्या ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’मध्ये (2024) हिमालयातल्या निवासी शाळेची पहिली मुलगी हेड प्रीफेक्ट मीरा, चोरून फोटो काढणाऱ्या मुलांची तक्रार करते आणि तेच तिच्यावर उलटते. माइमुना दुकुरे यांच्या ‘क्यूटीज’ने (2020) वेगळाच वाद उठवला. लहान मुलींना लैंगिक नजरेने सादर करणाऱ्या संस्कृतीवर टीका करायला निघालेल्या चित्रपटाने तीच नजर वापरली, असे अनेकांचे म्हणणे होते. नेटफ्लिक्सने भडक पोस्टर लावले आणि नंतर माफी मागितली. हेतू प्रामाणिक होता, पण काही नृत्यदृश्यांत कॅमेरा नको इतका जवळ रेंगाळतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न अजून मिटलेला नाही. बो बर्नम यांच्या ‘एट्थ ग्रेड’ची (2018) नायिका 13 वर्षांची, पण अमेरिकेत 17 वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय तो बघण्याची मुभा नव्हती. ऑगस्ट 2018 मध्ये वितरकांनी 50 राज्यांत प्रत्येकी एक मोफत खेळ लावून ही अट बाजूला ठेवली. त्याच वर्षी केनियात वानुरी काहियू यांच्या ‘रफिकी’वर बंदी आली. शाळा नुकतीच संपलेल्या दोन मुलींचे प्रेम, आणि टपरीवर बसून मोहल्ल्याची खबर ठेवणारी बाई असा त्याचा मामला. काहियू यांच्या सांगण्यानुसार सेन्सॉर मंडळाचा आक्षेप शेवटावर होता : तो फार आशादायी आहे, मुलींना पश्चात्ताप झालेला दिसत नाही. त्यांनी शेवट बदलला नाही आणि त्या न्यायालयात गेल्या. सप्टेंबरमध्ये बंदी सात दिवसांपुरती उठली, आणि त्या सात दिवसांत नैरोबीतले खेळ हाउसफुल्ल झाले.