पार्श्वभूमी : अमेरिकी कंपन्यांतील समावेशन-धोरणे आणि कर्मचाऱ्यांमधील जुना वाद

१ ऑगस्ट १९४४ च्या पहाटे फिलाडेल्फियातील ट्राम आणि बसगाड्या आगारांतून बाहेर पडल्याच नाहीत. वाहतूक कंपनीने आठ कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना ट्रामचालकाच्या कामाचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली होती आणि तेवढ्या कारणावरून गोऱ्या कर्मचाऱ्यांनी काम बंद पाडले होते. महायुद्ध ऐन भरात असताना शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांतले हजारो कामगार घरी अडकून पडले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुमारे ५,००० सैनिक शहरात उतरवले, कामावर न परतणाऱ्यांची लष्करभरतीतून मिळालेली सूट काढून घेण्याचा इशारा देण्यात आला, आणि मग कुठे आठवड्याच्या आत गाड्या पुन्हा धावू लागल्या. त्या संपाला कामगारांच्या अधिकृत संघटनेचा पाठिंबा नव्हता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. संघटना कृष्णवर्णीयांच्या बढतीच्या बाजूने होती. तिचेच अनेक सभासद विरोधात होते.

अमेरिकी कंपन्यांत ‘विविधता, समता आणि समावेशन’ म्हणजेच ‘डीईआय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमांवरून आज जो वाद चालू आहे, त्याचा आरंभ अनेकदा २०२० पासून धरला जातो. प्रत्यक्षात नोकरीतील भेदभाव दूर करण्याचा पहिला सरकारी आदेश निघाला तेव्हापासूनच एकाच मालकाकडे शेजारी-शेजारी काम करणारी माणसे या प्रश्नावर परस्परांविरुद्ध उभी राहिलेली दिसतात. वादाची जागा तेवढी बदलत गेली : कधी कारखान्याचे फाटक, कधी न्यायालय, कधी प्रशिक्षणाची खोली, कधी कंपनीअंतर्गत संदेशांची देवाणघेवाण. धोरण ठरवणारे मात्र सरकार, वकील किंवा व्यवस्थापन होते. ज्यांच्या बढत्या आणि बदल्या त्यावर अवलंबून होत्या, त्यांना बहुधा निर्णय झाल्यावरच त्याची माहिती मिळाली.

तो पहिला आदेश २५ जून १९४१ चा. रेल्वेच्या शयनडब्यांतील सेवकांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची घोषणा केली, तेव्हा रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ८८०२ काढून संरक्षण उद्योगातील वांशिक भेदभावाला बंदी केली. म्हणजे आदेशामागचा रेटाही कामगारांचाच होता. पण दोन वर्षांनी, जून १९४३ मध्ये, डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णीय कामगारांना विमानांच्या इंजिनांच्या जुळणीवर बढती मिळताच सुमारे २५,००० गोरे कामगार बाहेर पडले. येथेही वाहन कामगार संघटनेचे नेतृत्व संपाच्या विरोधात होते. इतका उघड आणि इतका मोठा विरोध महायुद्धानंतरच्या काळात दिसला नाही, म्हणून तो संपला असे मानण्याचा मोह होतो; खरे तर तो अधिक सभ्य भाषा शिकला.

ही भाषा त्याला कायद्याने पुरवली. १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या आदेशात सरकारी कंत्राटदारांसाठी ‘अफर्मेटिव्ह अॅक्शन’, म्हणजे भेदभाव दूर करण्यासाठी घेतलेला पुढाकार, हा शब्दप्रयोग आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली, आणि त्याच कायद्यात, तडजोड म्हणून, कोणत्याही मालकाला केवळ आकडेवारीतील असमतोल भरून काढण्यासाठी एखाद्या गटाला झुकते माप देणे बंधनकारक असणार नाही, असेही लिहिले गेले. पुढच्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांच्या आदेश क्रमांक ११२४६ ने सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर भेदभाव टाळण्यासाठी पुढाकार घेण्याची जबाबदारी टाकली. पुढे ५० किंवा अधिक कर्मचारी आणि ५०,००० डॉलरचे कंत्राट असलेल्यांना लेखी आराखडे करावे लागू लागले. एक कायदा सांगतो की वर्ण पाहू नका, आणि एक आदेश सांगतो की कोणत्या वर्णाचे किती लोक आहेत ते मोजा व कमी असतील तर काही करा. मराठी वाचकाला येथे आरक्षण हा शब्द आठवेल, पण तो नेमका लागू पडत नाही, कारण खासगी कंपन्यांना ठरावीक जागा राखून ठेवण्याची सक्ती अमेरिकी कायद्याने कधी सरसकट केली नाही. उद्दिष्ट, वेळापत्रक, ‘सदिच्छेने केलेला प्रयत्न’ अशा शब्दांत ती बाब सांगितली गेली, आणि त्यांचा कारखान्यातला अर्थ काय हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावले.

या विसंगतीत प्रत्यक्ष माणसे कशी अडकली, हे पाहायचे तर लुइझियाना राज्यातील ग्रामर्सी या गावी जायला हवे. तेथील कैसर कंपनीच्या अॅल्युमिनियम कारखान्यात १९७४ साली २७३ कुशल कारागीर होते आणि त्यांतले कृष्णवर्णीय केवळ ५, तेही परिसरातील कामकरी लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३९ टक्के असताना. कारागिरांच्या संघटनांनी दशकानुदशके कृष्णवर्णीयांना आत घेतलेच नव्हते, त्यामुळे अनुभवी कारागीर बाहेरून आणायचे म्हटले की गोरेच मिळत. कंपनी आणि पोलाद कामगार संघटना यांनी मिळून करार केला : कारखान्यातच अकुशल कामगारांना प्रशिक्षण द्यायचे आणि त्यातील निम्म्या जागा कृष्णवर्णीयांना द्यायच्या. पहिल्या वर्षी निवडलेल्या १३ जणांत ७ कृष्णवर्णीय आणि ६ गोरे होते. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ कृष्णवर्णीय प्रशिक्षणार्थीपेक्षाही ज्येष्ठ असलेल्या काही गोऱ्यांना डावलले गेले, आणि त्यांपैकी ब्रायन वेबर न्यायालयात गेला.

वेबरची बाजू समजून घेण्यासाठी तो वंशद्वेष्टा होता असे धरण्याची गरज नाही. कारखान्यातील कामगाराच्या हातात असलेली एकमेव ठेव म्हणजे सेवाज्येष्ठता. रजा, पाळी, कपातीत टिकाव, सारे तिच्यावर ठरते. ती ठेव एका जागी वापरता येणार नाही असे त्याला सांगण्यात आले, आणि ज्या पूर्वीच्या अन्यायाची भरपाई त्याच्याकडून होत होती तो त्याने केलेला नव्हता. दुसरीकडे, त्या जुन्या ज्येष्ठतेच्या याद्याच भेदभावातून तयार झाल्या होत्या, आणि गोऱ्या कामगारांनाही असे प्रशिक्षण याच कराराने प्रथम मिळाले होते, ही कृष्णवर्णीय सहकाऱ्यांची बाजूही तितकीच खरी होती. २७ जून १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी करार वैध ठरवला. तो तात्पुरता आहे, गोऱ्यांना वाट पूर्ण बंद करत नाही आणि ऐच्छिक आहे, ही कारणे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी दिली. ‘ऐच्छिक’ या शब्दावर थोडे थांबायला हवे. करार कंपनी आणि संघटनेसाठी ऐच्छिक होता. वेबरला कोणी विचारले नव्हते. दूरध्वनी क्षेत्रातील एटी अँड टी कंपनीने १९७३ मध्ये सरकारशी तडजोड करून ज्येष्ठता बाजूला ठेवण्याची मुभा घेतली, तेव्हा तिच्याविरुद्ध कामगार संघटनाच न्यायालयात गेल्या होत्या, आणि हरल्या होत्या.

याच काळात कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचीही स्वतंत्र तक्रार आकार घेत होती. झेरॉक्स कंपनीने रॉचेस्टरमधील १९६४ च्या दंगलीनंतर कृष्णवर्णीयांची भरती वाढवली, पण या कृष्णवर्णीय विक्रेत्यांच्या लक्षात आले की कमी उत्पन्नाचे विभाग आपल्याच वाट्याला येतात. १९७० च्या सुमारास त्यांनी आपापसांत गट बांधले, विक्रीचे आकडे गोळा केले आणि व्यवस्थापनाला जाब विचारला. आज कंपन्यांत जे ‘कर्मचारी संसाधन गट’ दिसतात, त्यांचे मूळ येथे आहे. पुढे कंपन्यांनी हे गट आपल्या छत्राखाली घेतले, त्यांना खर्चाला पैसे दिले, आणि त्यांची धार बहुतेक ठिकाणी गेली.

१९८० च्या दशकात रेगन प्रशासनातील एका गटाने आदेश ११२४६ सौम्य करण्याचा प्रयत्न केला. गंमत अशी की त्याला मोठ्या उद्योगांनीच विरोध केला, कारण ठरावीक आराखडा हाताशी असणे हे दोन्ही बाजूंच्या खटल्यांपासून उत्तम संरक्षण होते. तरीही वारा फिरला आहे हे कार्मिक विभागांनी ओळखले. १९८७ मध्ये हडसन इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेच्या एका अहवालाने पुढील शतकातील मनुष्यबळात स्त्रिया, अल्पसंख्य आणि स्थलांतरितांचा वाटा वाढेल असे मांडले, आणि जुन्या कार्यक्रमांना नवे नाव मिळाले : विविधता. न्यायाच्या जागी नफ्याचा युक्तिवाद आला. पूर्वी गोऱ्या कामगाराला निदान कारण सांगितले जात होते की येथे अन्याय झाला होता आणि तो दुरुस्त करायचा आहे. आता सांगितले जाऊ लागले की विविधता सर्वांच्याच हिताची आहे आणि कोणाचेच काही जात नाही. ज्याची बढती हुकली त्याला हे पटणे कठीण होते, आणि ज्याला अन्याय आठवत होता त्यालाही.

१९९६ मध्ये टेक्साको कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या संभाषणाच्या ध्वनिफिती उघड झाल्या आणि कंपनीने कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांशी सुमारे १७.६ कोटी डॉलरची तडजोड केली. २००० मध्ये कोका-कोलाने १९.२५ कोटी डॉलर मोजले. दोन्ही प्रकरणांत बाहेरच्या देखरेख समित्या नेमल्या गेल्या. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक छळाच्या दोन खटल्यांत, छळ टाळण्याची वाजवी काळजी घेणाऱ्या मालकाला काही परिस्थितीत बचावाची संधी दिली. त्यानंतर प्रशिक्षणाचे पेव फुटले, आणि हजेरीपटावरील सही ही वकिलांच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू झाली.

सक्तीच्या प्रशिक्षणाचा परिणाम काय होतो, हे समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह यांनी शेकडो कंपन्यांची अनेक वर्षांची आकडेवारी घेऊन तपासले. व्यवस्थापकांना सक्तीचे प्रशिक्षण सुरू केल्यावर पाच वर्षांत व्यवस्थापनातील कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण वाढण्याऐवजी सरासरी ९ टक्क्यांनी घटले, असे त्यांनी २०१६ मध्ये मांडले. ऐच्छिक प्रशिक्षण, मार्गदर्शक नेमणे आणि महाविद्यालयांतून लक्ष्यपूर्वक भरती यांचे परिणाम बरे होते. म्हणजे ज्या कार्यक्रमावर सहकारी एकमेकांशी भांडत होते, त्यातला सर्वांत दृश्य भाग सर्वांत निष्प्रभ होता.

भांडण पुन्हा उघड्यावर आले ते तंत्रज्ञान कंपन्यांत. तेथे कर्मचाऱ्यांना अंतर्गत संदेशफलकांवर मोकळेपणाने लिहिण्याची सवय लावली गेली होती. मे २०१४ मध्ये गुगलने प्रथमच आपली आकडेवारी जाहीर केली : एकूण कर्मचाऱ्यांत स्त्रिया ३० टक्के, तांत्रिक कामांत १७ टक्के, आणि अमेरिकेतील कर्मचाऱ्यांत कृष्णवर्णीय २ टक्के. जुलै २०१७ मध्ये जेम्स डॅमोर या अभियंत्याने दहा पानी टिपण लिहून स्त्री-पुरुषांतील या तफावतीला अंशतः जैविक कारणे असू शकतात आणि कंपनीत वेगळे मत मांडता येत नाही, असा दावा केला. टिपण बाहेर फुटले आणि ऑगस्टमध्ये त्याला काढून टाकण्यात आले. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या वकिलांनी नंतर मत दिले की टिपणाचा काही भाग कायद्याने संरक्षित असला, तरी स्त्रियांविषयीच्या सरसकट विधानांना ते संरक्षण नव्हते. ही बाजू सर्वांना माहीत आहे. त्याच कंपनीतील दुसऱ्या एका अभियंत्याने फेब्रुवारी २०१८ मध्ये उलट दावा लावला, की वंशवाद आणि लिंगभेदावर अंतर्गत टीका केल्यामुळे आपल्याला काढले, ते तितके लक्षात राहिले नाही. आणि १ नोव्हेंबर २०१८ रोजी, लैंगिक गैरवर्तनाचा आरोप असलेल्या अधिकाऱ्याला मोठी रक्कम देऊन निरोप दिल्याच्या बातमीनंतर, सुमारे २०,००० कर्मचारी कार्यालयांबाहेर आले.

मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाल्यानंतर कंपन्यांनी घाईने आश्वासने दिली, पदे निर्माण केली, उद्दिष्टे जाहीर केली. तणावही तितक्याच वेगाने वाढला. साठाच्या आसपास कर्मचारी असलेल्या बेसकॅम्प या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकांच्या ‘विनोदी’ नावांची जुनी यादी चर्चेत आली. त्यातील अनेक नावे आशियाई आणि आफ्रिकी होती. ती यादी ही निव्वळ चूक होती की मोठ्या पूर्वग्रहाची पायरी, यावर कर्मचारी आणि संस्थापक यांच्यात जुंपली. एप्रिल २०२१ मध्ये संस्थापकांनी कामाच्या जागी सामाजिक-राजकीय चर्चा आणि समित्या दोन्ही बंद केल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोक नोकरी सोडून गेले.

एरवी मात्र मतभेद इतके टोकदार नसतात. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत ५६ टक्के नोकरदारांनी अशा प्रयत्नांना चांगले म्हटले आणि १६ टक्क्यांनी वाईट. २०२४ मध्ये हे आकडे ५२ आणि २१ झाले. त्याहून बोलका तपशील २०२३ च्या पाहणीतच आहे : आपली कंपनी या विषयाकडे जरुरीपेक्षा जास्त लक्ष देते असे १४ टक्के म्हणाले, आणि फार कमी देते असे १५ टक्के.

वाद आता पुन्हा न्यायालयांत परतला आहे. २०१८ मध्ये फिलाडेल्फियातील स्टारबक्स कंपनीच्या एका कॉफीच्या दुकानात दोन कृष्णवर्णीय पुरुषांना अटक झाल्यावर कंपनीने ८,००० हून अधिक दुकाने अर्ध्या दिवसासाठी बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि त्या विभागाच्या गोऱ्या व्यवस्थापक महिलेला काढले. गोरी असल्यामुळे आपल्याला काढले हा तिचा दावा मान्य करून जून २०२३ मध्ये ज्युरीने तिला २.५६ कोटी डॉलर मंजूर केले. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भेदभावातून झालेल्या बदलीबाबत दाद मागण्यासाठी नुकसान ‘मोठे’ असण्याची गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी १९६५ चा आदेश ११२४६ रद्द केला, आणि ५ जून २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की बहुसंख्य गटातील फिर्यादीवर पुराव्याचे वेगळे, अधिक ओझे टाकता येणार नाही. तो निकाल न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी लिहिला, आणि त्याचा आधार १९६४ च्या कायद्यातील तेच कलम होते ज्याकडे ब्रायन वेबरने बोट दाखवले होते. १९७९ चा वेबर खटल्याचा निर्णय त्या निकालाने बदलला नाही.