वैशाखातली व्हिस्की

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी केंटकीहून बर्बन व्हिस्कीची एक बाटली आणली होती. ती अर्धी संपल्यावर, घरात येणाजाणाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून, मी ती टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर जुन्या वह्यांच्या पेटीमागे आडवी ठेवून दिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या वर्षी उन्हाळा नेहमीसारखाच होता, म्हणजे मे महिन्यात टिनाखाली दुपारी हात टेकवता येत नव्हता. दिवाळीला बाटली खाली काढली तेव्हा बुचाचा अर्धा भाग गळ्यातच तुटून राहिला, पातळी दोन बोटे उतरलेली दिसली, आणि व्हॅनिला व भाजलेल्या साखरेचा जो वास भाच्याने कौतुकाने दाखवला होता त्याच्या जागी ओल्या पुठ्ठ्यासारखा काहीतरी मिणमिणीत वास आला. घरच्यांचा संशय अर्थातच माझ्यावर गेला. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे बाष्पीभवनाचा मुद्दा मांडून पाहिला, पण तो कोणालाही पटला नाही.

मुद्दा मात्र खरा होता, आणि त्यात एक गंमतही होती. ज्या उष्णतेने माझी बाटली बिघडवली, त्याच उष्णतेने ती व्हिस्की मुळात घडवली होती. फरक एवढाच की घडवताना भोवती लाकूड होते आणि बिघडवताना काच.

बर्बन कशाला म्हणायचे हे अमेरिकी कायद्याने काटेकोरपणे ठरवले आहे. धान्यात मका किमान 51 टक्के हवा, ऊर्ध्वपातनातून निघणाऱ्या द्रवात अल्कोहोल 80 टक्क्यांपेक्षा जास्त नको, लाकडात भरताना ते 62.5 टक्क्यांच्या वर नको, आणि पिंप नवे, ओकचे, आतून जाळून कोळसा केलेले हवे. भट्टीतून निघालेला द्रव पाण्यासारखा नितळ असतो. त्या टप्प्यावर तो आपल्या पूर्व विदर्भातल्या मोहाच्या दारूचा चुलतभाऊच म्हणायला हरकत नाही, कारण मोहाची दारू लाकडात मुरत नाही आणि तिचा सगळा वास फुलाचा आणि आंबवण्याचा असतो. येथे आपल्या भाषेतला एक समज तपासण्याजोगा आहे. ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण व्हिस्की गाळणारा कारागीर नेमकी पहिली धारच बाजूला काढतो, कारण अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट यांसारखी, इथेनॉलच्या आधी उडणारी आणि नाकाला झोंबणारी द्रव्ये तिच्यात सर्वाधिक असतात. त्याला हवी असते ती मधली धार.

ही मधली धार सुमारे 200 लिटरच्या पिंपात जाते आणि मग हवामानाच्या स्वाधीन होते. दिवसा गोदाम तापले की द्रव प्रसरण पावून लाकडाच्या पोटात शिरतो, रात्री किंवा हिवाळ्यात आकसून परत येतो, आणि येताना लाकडातली विरघळणारी द्रव्ये बरोबर आणतो. लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन जळताना तुटते, त्यातून व्हॅनिलिन तयार होते, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेत असते तेच द्रव्य. हेमिसेल्युलोजपासून साखरा सुटतात आणि भाजल्या जातात, त्यातून कॅरॅमलची चव व रंग येतो. ओकमध्येच असणारे एक लॅक्टोन खोबऱ्याचा वास देते, टॅनिन तुरटपणा देते. आतला कोळशाचा थर गंधकयुक्त, उग्र वासाची द्रव्ये शोषून घेतो. शाळेत वाळू व कोळशाची तीन मडक्यांची गाळणी ज्यांनी मांडली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ओकच का, आपल्या आलापल्लीचा साग का नाही, असा प्रश्न विदर्भातल्या वाचकाला पडणारच. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातील वाहिन्या झाड जिवंत असतानाच आतून फुगवट्यांनी बुजलेल्या असतात, त्यामुळे त्याच्या फळ्यांतून द्रव गळत नाही. सागाचे म्हणाल तर ज्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, ती पेल्यात उतरलेली कोणाला आवडतील असे मला वाटत नाही.

लाकडातून द्रव गळत नसला तरी बाष्प जातेच, जसे माठाच्या अंगातून पाणी पाझरून उडते. पिंपातून दर वर्षी अशी जी घट होते तिला व्हिस्कीवाले ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड गोदामांत हा वाटा वर्षाला सुमारे 2 टक्के असतो, केंटकीत तो साधारण 3 ते 5 टक्के भरतो, आणि बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत 10 ते 12 टक्क्यांपर्यंत जातो. मात्र काय उडते, पाणी की अल्कोहोल, हे केवळ उष्णतेवर ठरत नाही. हे समजून घ्यायला आपल्या घरचा कूलर पुरेसा आहे. मे महिन्यात यवतमाळ-अकोल्याकडे कूलर खोली गार करतो, कारण कोरडी हवा पाणी अधाशासारखी पिते; तोच कूलर मुंबईला नेला तर नुसता दमट वारा फेकतो, कारण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. पिंपाचेही तसेच असते. स्कॉटलंडच्या ओलसर हवेत पाण्याला बाहेर पडायला जागा कमी, म्हणून अल्कोहोल तुलनेने जास्त उडते आणि वर्षागणिक व्हिस्कीची तीव्रता उतरते. केंटकीच्या उंच गोदामांत वरच्या मजल्यांवर हवा तापलेली आणि कोरडी असते, तिथे पाणी अधिक जाते, आणि 62.5 टक्क्यांनी भरलेल्या पिंपातली तीव्रता काही वर्षांनी चढलेली सापडते. उद्या कोणी चंद्रपुरात अशी पिंपे ठेवली, तर त्यांत एकाच वर्षात दोन्ही प्रकार घडतील: वैशाखात पाणी जाईल, श्रावणात अल्कोहोल.

या हिशेबाचा परिणाम बाटलीवरच्या वयाच्या आकड्यावर होतो, आणि तो आकडा पाहून बाटली निवडणाऱ्यांनी तो समजून घ्यायला हवा. वर्षाला 2 टक्के घट धरली तर 200 लिटरच्या पिंपात 12 वर्षांनी सुमारे 157 लिटर उरतात. 11 टक्के धरली तर 50 लिटरही उरत नाहीत, आणि जे उरते ते लाकडाने कडवट झालेले असते. म्हणून भारतातल्या चांगल्या सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत मोड आणलेल्या जवापासून केलेल्या, व्हिस्की बहुधा कमी वयाच्या असतात आणि वयाचा आकडा न छापता विकल्या जातात. त्यात कमीपणा काहीच नाही. अमृतने आपली सिंगल माल्ट 2004 साली भारतात नव्हे, थेट ग्लासगोत बाजारात आणली, आणि ती तिथल्या लोकांनी नाकारली नाही. उलट आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या स्वस्त बाटल्यांपैकी बऱ्याच बाटल्यांतला मुख्य अंश उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलचा असतो, आणि धान्यापासून न केलेल्या मद्याला युरोपीय संघात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. वयापेक्षा आधी हे पाहावे, असे माझे मत आहे.

एकदा काचेत भरली की व्हिस्कीचे वय थांबते. 12 वर्षांची बाटली आजोबांनी घेतली आणि नातवाने उघडली तरी ती 12 वर्षांचीच असते, कारण मुरण्यासाठी लाकूडच उरलेले नसते. उरतात ती फक्त बिघाडाची कारणे, आणि त्यांत आपल्याकडे उष्णता पहिली. 20 अंशांपासून 45 अंशांपर्यंत तापल्यावर 40 टक्क्यांची 750 मिलीलीटर व्हिस्की साधारण दहा-पंधरा मिलीलीटरने फुगते. दुपारी फुगलेला द्रव वरची हवा बुचाच्या फटीतून बाहेर ढकलतो, पहाटे आकसला की ताजी हवा आत ओढतो. पिंपाला उपकारक ठरलेला हाच श्वास बाटलीला मारक ठरतो, कारण प्रत्येक श्वासाबरोबर सुगंध बाहेर जातो आणि ऑक्सिजन आत येतो. बाटली भरलेली असेल तर आत हवा थोडी, म्हणून नुकसानही थोडे. अर्धी असेल तर वेगाने. माझ्या बाटलीचे तीन दोष एकत्र आले होते: ती अर्धी होती, टिनाखाली होती आणि आडवी होती. वाइनची बाटली आडवी ठेवतात ती बूच ओले राहावे म्हणून, पण व्हिस्कीतले तीव्र अल्कोहोल सतत लागत राहिले तर बूच कुजल्यासारखे होऊन तुटते. व्हिस्कीची बाटली नेहमी उभी ठेवावी.

खेड्यातल्या घरात तिची योग्य जागा शोधायला फार कष्ट पडत नाहीत. जाड मातीच्या भिंतींच्या मधल्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांमागे, जिथे दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही आणि ऊन येत नाही, तिथे ती माळ्यापेक्षा कितीतरी सुखात राहते. उरलेली व्हिस्की कमी झाली की ती लहान, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावी. देव्हाऱ्यातला दिवा आणि चूल यांच्याजवळ मात्र ती कधीही उघडू नये. 40 टक्के अल्कोहोलच्या द्रवाची वाफ सुमारे 26 अंशांपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात तापमान पहाटेसुद्धा क्वचितच 26 अंशांच्या खाली उतरते. संग्रहाची हौस असलेल्यांनी एवढेही ध्यानात घ्यावे की महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला 1949 च्या कायद्याखाली परवाना लागतो, अशा मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे.

आता पेल्याकडे वळू. चव म्हणून आपण जे ओळखतो त्याचा बराच भाग वास असतो, आणि तो नाकपुड्यांतून जितका येतो तितकाच घोट गिळताना घशामागून वर चढतो. इथेनॉलचा बाष्पदाब 20 अंशांच्या तुलनेत 40 अंशांना सुमारे तिप्पट होतो. म्हणजे मे महिन्याच्या संध्याकाळी पेला नाकाशी नेला तर आधी नाकात शिरते ती अल्कोहोलची झळ, आणि ती मज्जातंतूंना इतकी टोचते की व्हॅनिला, खोबरे वगैरे नाजूक मंडळी तिच्यामागे हरवून जातात. आमच्याकडे व्हिस्की नीट चाखायचा काळ म्हणजे मार्गशीर्ष-पौष. पेलाही पोटाला रुंद आणि तोंडाला अरुंद हवा, साधारण आपल्या गडव्याच्या घाटाचा, म्हणजे सुगंध पोटात साठतो आणि तोंडाशी एकवटतो. बाहेर पसरत जाणाऱ्या चहाच्या ग्लासात तो उडून जातो. चाखायला 15 मिलीलीटर पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे की अल्कोहोलची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, आणि जे लोक पोटापाण्यासाठी दिवसभर व्हिस्की तपासतात ते बहुतेक काम नाकानेच करतात.

पाणी घालावे की नाही, यावर बैठकीत रात्र सरते. याचे एक चांगले उत्तर 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातील कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंचे वर्तन मांडून शोधले. धुरकट वास देणाऱ्या ग्वायाकॉल या द्रव्याचा रेणू त्यांनी घेतला. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असते तोवर हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ, हवेच्या सीमेवर राहतो, म्हणजे नाकाच्या जवळ. 59 टक्क्यांच्या वर गेले की इथेनॉलचे रेणू त्याला घेरतात आणि तो आत बुडतो. म्हणून तीव्र व्हिस्कीत थोडे पाणी घालणे हे भेसळ नसून वासाला वर आणणे आहे. कोणते पाणी, हा प्रश्न मात्र स्वीडनमध्ये पडत नसावा, तो आपला आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी पेल्यात घातले तर व्हिस्की कुठलीही असो, चव मिठाचीच लागते. आरओचे किंवा साठवलेल्या पावसाचे उकळून गार केलेले पाणी घ्यावे, आणि थेंबाथेंबाने घालावे. बर्फाने वास मिटतो, कारण थंडीत सुगंधी रेणू कमी उडतात. शिवाय काही व्हिस्कींत तेलकट एस्टर गोठून पेला धुरकट दिसू लागतो, पण तो दोष नव्हे.

पाणी घातलेल्या बर्बनचा एक प्रयोग मला फार आवडतो, आणि त्यासाठी घोटही लागत नाही. केंटकीतील लुईव्हिल विद्यापीठाच्या स्टुअर्ट विल्यम्स यांनी 2020 मध्ये दाखवले की पाणी घालून साधारण 20 ते 25 टक्क्यांवर आणलेल्या अमेरिकन व्हिस्कीचा अगदी लहानसा थेंब काचेवर सुकू दिला, तर त्याच्या तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. जळालेल्या नव्या ओकमधून आलेली, पाण्यात नीट न विरघळणारी द्रव्ये थेंबाच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतात. थेंब आकसला की पापुद्र्याला सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्याच जाळे म्हणून मागे राहतात. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपात मुरते, त्यामुळे लाकडाची अशी द्रव्ये तिच्यात कमी असतात, आणि तिच्या थेंबात ही जाळी सापडली नाही. प्रत्येक बर्बनची नक्षी थोडी निराळी असते.

शाळेतला जुना सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे, आणि माळ्यावरून काढलेल्या त्या बाटलीचा वास गेला असला तरी लाकडातून आलेली जड द्रव्ये उडून जाणारी नसतात. तिचा थेंब मी मे महिन्यात काचेवर ठेवून पाहिला. कूलरच्या वाऱ्याने तो जाळे धरण्याआधीच एका बाजूला ढकलला जाऊन वेडावाकडा सुकला. दुसऱ्यांदा कूलर बंद केला, तेव्हा थेंबाच्या आधी माझ्या कपाळावरचा घाम काचेवर पडला. काचपट्टी पुसून ठेवली आहे, बाटली आता कोठ्यांच्या खोलीत उभी आहे, आणि प्रयोग पौषात करायचा असे ठरवले आहे.