काळ्या हौदापासून काळ्या बाटलीपर्यंत

पुण्यात शाळेची पाण्यावरची सहल ठरली की बस खडकवासल्याकडे वळते. खरं तर पहिला धडा पेठांतच आहे. काळा हौद, बदामी हौद ही आज निव्वळ पत्ता सांगायची नावं झाली असली, तरी पेशवाईत गावाचं पाणी अशाच हौदांतून भरलं जाई. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, सगळा खेळ उताराचा. वाटेत उभे केलेले उच्छ्वास नावाचे मनोरे कोंडलेली हवा बाहेर सोडत, आणि गाळ काढायला माणूस तिथूनच खाली उतरे. मुलांना उच्छ्वास दाखवला की ‘पाणी वर कसं चढलं?’ हा प्रश्न हमखास येतो. पाणी चढलं नाही. कात्रज पेठांपेक्षा उंचावर आहे.

पुढे १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. त्या पुराची आठवण अजून घराघरांत आहे. नातवंडांनी आजी-आजोबांना विचारून पाणी कुठवर आलं होतं ते नकाशावर मांडणं, हा बिनखर्चाचा उत्तम उपक्रम.

पर्यावरण शिक्षण रीतसर आलं ते नंतर. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली; भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था १९९३ ची. मधल्या काळात, १९९१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात हा विषय सक्तीचा करायला सांगितलं आणि २००३ मध्ये अभ्यासक्रमाचं काम एनसीईआरटी या केंद्राच्या शालेय शिक्षणविषयक संस्थेकडे सोपवलं. विषयाला गुण आले, पण बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ चित्रं चिकटवलेली प्रोजेक्टची वही एवढाच उरला.

वहीतून बाहेर काढणारं एक साधन म्हणजे पाणी तपासायची एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली. १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मांडलेली ही चाचणी. बाटलीत खाद्यद्रव्य आणि लोहक्षार लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचं. विष्ठेतून आलेले जीवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याची लोहाशी गाठ पडते आणि पाणी काळं होतं. साधारण ३० ते ३७ अंशांत एका दिवसात निकाल लागतो. डिसेंबरातल्या पुण्यात मात्र बाटली वर्गात न गुंडाळता तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशीही पाणी स्वच्छच दिसतं आणि मुलं चुकीचा निष्कर्ष काढून मोकळी होतात. ती कापडात गुंडाळून उबदार जागी ४८ तास ठेवावी.

उलट चूकही होते. मुठा नदीतल्या काळ्या सांडपाण्यात सल्फाइड आधीच असू शकतं, त्यामुळे बाटली भरताक्षणी काळवंडते. ही चाचणी पिण्याच्या पाण्यासाठी आहे. नळ, बोअर आणि टँकर असे तीन नमुने शेजारी ठेवावेत. टीडीएस मीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. आकडा १५० म्हणजे चांगला आला तरी जंतू असू शकतात.

काळी झालेली बाटली बेसिनमध्ये तशीच ओतायची नाही. शिक्षकांनी हातमोजे घालून आत ब्लीचिंग पावडरचं द्रावण टाकावं, अर्धा तास थांबावं, मगच रिकामी करावी.