सिनेमाचा निर्माता आणि गाण्याचा प्रोड्युसर

गणपतीत नौपाड्याच्या घरी भाचीने सांगितलं, "मी आता म्युझिक प्रोड्युसर आहे." अप्पांनी काळजीने विचारलं, "अगं, एवढा पैसा कुठून आणणार?" अप्पांचं काही चुकलं नाही. निर्माता म्हटलं की आपल्याला पैसे घालणारा माणूसच दिसतो.

सिनेमाचा निर्माता कथेचे हक्क घेतो, पैसा उभा करतो, दिग्दर्शक ठरवतो. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार घ्यायलाही तोच जातो. गाण्याच्या प्रोड्युसरचं काम मात्र सिनेमाच्या दिग्दर्शकाशी जास्त जुळतं. चाल दुसऱ्याची असू शकते. ती कुठल्या वाद्यांवर उभी करायची, गायकाचा कुठला टेक, म्हणजे एकदा गाऊन रेकॉर्ड केलेला प्रयत्न, ठेवायचा, हे तो ठरवतो. आपल्याकडे हे काम संगीतकार आणि वाद्यमेळ बसवणारा अरेंजर यांच्यात वाटलेलं असायचं, म्हणून त्याला वेगळं नाव फारसं मिळालं नाही.

अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्स (1933–2024) यांनी दोन्ही कामं केली, म्हणून फरक त्यांच्याकडे बघून पटकन कळतो. 1982च्या मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' या अल्बमचे ते प्रोड्युसर. शीर्षकगीत रॉड टेम्परटनने लिहिलेलं, 'बीट इट' खुद्द जॅक्सनने. अल्बम झाला, पण तबकडीवर ऐकला तर आवाज पातळ! एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबली की खाचा बारीक होतात आणि आवाजातला दम जातो. मग गाण्यांचे काही भाग कापले आणि एकेक गाणं पुन्हा मिक्स केलं, म्हणजे आवाज आणि वाद्यांचं प्रमाण नव्याने बसवलं. माझ्या मते प्रोड्युसरची खरी कसोटी हीच. झालेलं काम परत उघडायला छाती लागते.

1985च्या 'द कलर पर्पल'चे ते एक निर्माते. तिथे त्यांनी स्पीलबर्गना दिग्दर्शनासाठी राजी केलं आणि शिकागोत टीव्हीवर ओप्रा विन्फ्रींना बघून भूमिकेसाठी त्यांचं नाव सुचवलं. ऑस्करची 11 नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. या सिनेमाचं संगीतही त्यांचंच, पण ते काम वेगळं.

परवा अप्पा भाचीच्या खोलीत बसले होते. खिडकीला गोधडी लावलेली. तिने एका मुलीचे सात टेक ऐकवले आणि तिसरा ठेवला. सातव्यात सूर जास्त पक्का होता, पण तिसऱ्यात ओळीआधीचा श्वास ऐकू येत होता. अप्पांनी डोळे मिटून दोन्ही पुन्हा ऐकले.

"आणि पैसे?"

"मी घालत नाही अप्पा, घेते. जिचं गाणं आहे, ती देते."