गाडीच्या आधी वारा पोचतो

आमच्या स्टेशनच्या एका टोकाला बोगदा आहे. फलाट संपला की थोडं कातळातलं कटिंग, आणि मग ते काळं तोंड. तोंडावर रानवेली लोंबतात. परवा संध्याकाळी पॅसेंजरची वाट बघत फलाटाच्या त्या टोकाला बसलो होतो. वेलींची टोकं हलकेच आत ओढल्यासारखी झुकलेली होती. पाहता पाहता ती थांबली, क्षणभर सरळ लोंबली आणि बाहेरच्या बाजूला झुलायला लागली. गाडीचा आवाज नाही, दिवा नाही. शेजारच्या बाईंच्या मुलानं विचारलं, "आये, वारा कुठनं आला?" बाई म्हणाल्या, "बोगद्यात जागेवाला हाय. गप बस." जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार. दीडेक मिनिटानं गाडी आली.

त्याच आठवड्यात मुंबईच्या भाच्यानं लंडनच्या भुयारी रेल्वेबद्दल 'तुम्हाला माहीत आहे का' छापाची एक लांबलचक यादी पाठवली होती. यादी वाचायला मजा आली. पण त्या रेल्वेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट तिच्यात नव्हती, आणि ती हीच: गाडीच्या आधी येणारा वारा. म्हणून हा लेख.

यादीतल्या खऱ्या गोष्टी आधी सांगून टाकतो. जगातली ही पहिली भुयारी रेल्वे 10 जानेवारी 1863 रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली, आणि तीही वाफेच्या इंजिनावर. आज तिची 272 स्टेशनं आणि सुमारे 400 किलोमीटर मार्ग आहे, पण त्यातला निम्म्याहून कमी, साधारण 45 टक्केच, खरोखर जमिनीखाली आहे. लीन्स्टर गार्डन्स नावाच्या रस्त्यावर 23 आणि 24 क्रमांकाची 'घरं' आहेत. समोरून दारं, खांब, खिडक्या सगळं शेजारच्या घरांसारखं, पण खिडक्या रंगवलेल्या आणि मागे मोकळं आभाळ. वाफेच्या इंजिनांना धूर आणि वाफ बाहेर सोडायला मार्ग मध्येच उघडा ठेवावा लागे. त्या उघड्या खड्ड्यामुळे रस्त्याची शोभा जाऊ नये म्हणून ही भिंत उभी केली.

यादीतली एक गोष्ट मात्र खोडून काढायला हवी, कारण ती सगळीकडे फिरते: लंडनच्या बोगद्यांत शंभर वर्षांत डासांची नवी जात उत्क्रांत झाली म्हणे. बोगद्यांत डास आहेत आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं खाली झोपायला गेलेल्या लोकांना ते कडकडून चावले, इथपर्यंत खरं. पण 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं दाखवलं, की या क्युलेक्स डासानं माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतलं ते हजाराहून जास्त वर्षांपूर्वी, भूमध्य समुद्र आणि मध्यपूर्वेच्या पट्ट्यात. लंडनच्या बोगद्यात तो आयता राहायला आला. उत्क्रांतीचं खरं उदाहरण द्यायचं तर शेकडो आहेत. चटकदार आहे म्हणून चुकीचं उदाहरण पुढे ढकललं की उत्क्रांतीवर शंका घेणाऱ्यांच्याच हातात कोलीत मिळतं.

आता वारा.

लहानपणी बांबूच्या नळीची बंदूक केली असेल तर अर्धी गोष्ट तुम्हाला आधीच माहीत आहे. नळीच्या पुढच्या तोंडात एक हिरवं टणक फळ ठासायचं, मागून दुसरं घालायचं आणि काठीनं पुढे रेटायचं. मागचं फळ पुढच्याला कधीच शिवत नाही, तरी पुढचं फट्‌दिशी उडतं. दोघांमधली हवा ते काम करते. बोगद्यात शिरलेली गाडी म्हणजे हे मागचं फळ. मोकळ्या माळावर धावणाऱ्या गाडीपुढची हवा वर जाते, बाजूला सरते. बोगद्यात तिला दोनच वाटा: पुढच्या तोंडातून बाहेर पडायचं, नाहीतर गाडी आणि भिंत यांच्या फटीतून मागे निसटायचं. फट जितकी अरुंद तितका रेटा जास्त. लंडनमध्ये 1890 पासून विजेवर धावणारे जे खोल मार्ग झाले, त्यांचे बोगदे गोल आणि जेमतेम साडेतीन मीटर व्यासाचे आहेत. गाडीचं छपरसुद्धा त्या गोलाईत बसावं म्हणून कडेला वळवलेलं. बोगद्याच्या छेदाचा, म्हणजे आडव्या कापाचा, निम्म्याहून जास्त भाग गाडीच व्यापते, म्हणजे पंपात बसणारा जवळजवळ पुरा दट्ट्या. फलाटावर उभ्या माणसाचे केस आधी उडतात, गाडी नंतर दिसते.

पण 'गाडी हवा ढकलते' एवढ्यावर थांबलं तर गंमत निसटते. ढकलल्याची बातमी दुसऱ्या टोकाला पोचते कशी आणि किती वेळात? आपल्याच करबुड्याच्या बोगद्याचं गणित मांडू. उक्षी आणि भोके या स्टेशनांमधला हा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. ताशी 80 किलोमीटर वेगानं गाडीला तो पार करायला पाच मिनिटांना थोडं कमी लागतं. पण गाडीचं नाक आत शिरताच समोरची हवा किंचित दाबली जाते, आणि हा दाब लाटेसारखा पुढे निघतो तो आवाजाच्या वेगानं, सेकंदाला सुमारे 345 मीटर. एकोणिसाव्या सेकंदाला ती लाट पलीकडच्या तोंडाशी हजर. हवा स्वतः साडेसहा किलोमीटर चाललेली नसते. रांगेत मागच्यानं धक्का दिला की सगळ्यांत पुढचा डुलतो, तसं.

मग त्या तोंडाशी काय होतं हे नीट बघा, कारण इथेच खरा खेळ आहे. तोंड उघडं आहे. बाहेर सगळं आभाळ पसरलेलं असताना दाब तिथे टिकू शकत नाही, त्याला बाहेरच्या हवेइतकं व्हावंच लागतं. म्हणून दाबाची लाट तोंडाशी पोचली की तिची उलटी लाट, दाब कमी असलेली, आत परत निघते. बासरीच्या उघड्या टोकाशी हेच होतं, म्हणून तर बासरी वाजते. दाब उलटतो, पण हवेच्या वेगात मात्र भर पडते: आलेल्या लाटेनं हवेला बाहेर ढकललेलं असतं, परतणारी विरळ लाट तिला बाहेरच ओढते. ही लाट मागे जाऊन गाडीच्या नाकाशी पोचते, तिथला दाब उतरवते, आणि गाडीला पुन्हा ढकलायला वाव मिळतो. परत दाबाची लाट पुढे. सुरुवातीला एक फेरी साधारण 35 सेकंदांची, मग गाडी जवळ येईल तशी छोटी. प्रत्येक फेरीला वाऱ्याचा वेग थोडा वाढतो. म्हणून बोगद्यातून येणारा वारा एकदम आदळत नाही. आधी कळेल न कळेलशी झुळूक येते, मग पदर उडेल इतका वारा सुटतो, मग पालापाचोळा उडतो. भिंतींचं घर्षण आणि फटीतून मागे निसटणारी हवा त्याला कुठेतरी आवर घालतात.

एवढ्या फेऱ्या लागतात, कारण हवेला वजन असतं आणि ते आपण नेहमी विसरतो. करबुड्याच्या बोगद्याचा छेद समजा 30 चौरस मीटर धरला, तर आत 1,95,000 घनमीटर हवा झाली. घनमीटरला 1.2 किलो धरून सुमारे 230 टन. कोकणात गाड्या ओढणारी डब्ल्यूएपी-7 जातीची विजेची दोन इंजिनं एकत्र तोलली तर जवळपास तेवढी भरतात. दोन इंजिनांच्या वजनाची हवा जागची हलवायला वेळ लागणारच. एकदा हलली की थांबायलाही लागतो. गाडी निघून गेल्यावर बोगदा बराच वेळ वाहत राहतो तो यामुळे.

आमच्या वाडीतले एक काका गँगमन होते. पावसाळ्यात हातात कंदील घेऊन रात्रीची गस्त घालायचे. बोगद्याच्या भिंतीत अंतराअंतरावर माणूस उभा राहील एवढे कोनाडे ठेवलेले असतात. ते म्हणायचे, "कानाला कळायच्या आधी गालाला कळता. वारा फिरला का समजायचा, गाडी घुसली. हत्यारा उचलायची नि कोनाडा गाठायचा." दाबाच्या लाटेवर याहून नेमकं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही.

'वारा फिरला' हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. गाडी नसतानाही बोगद्यात हवा वाहत असते. आतलं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. मे महिन्याच्या दुपारी बाहेर कातळ तापलेला आणि आत गार, म्हणजे जड हवा. बोगद्याचं एक तोंड दुसऱ्यापेक्षा थोडं जरी खाली असलं तरी ही जड हवा उतारानं त्या खालच्या तोंडातून बाहेर सांडते. थंडीच्या पहाटे उलट: बाहेर गारठा, आत ऊब, म्हणून हलकी हवा वरच्या तोंडातून बाहेर आणि खालच्या तोंडातून नवी हवा आत. बोगदा ऋतूप्रमाणे असा श्वास घेतो. जागेवाल्यापुढे नारळ ठेवणाऱ्याच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाला 'गप बस' हे उत्तर मिळालं की मला वाईट वाटतं. त्या मुलानं वेली पाहिल्या होत्या. फलाटावरच्या आम्हा मोठ्यांपैकी किती जणांनी पाहिल्या?

लंडनच्या जुन्या खोल मार्गांवर हाच वारा अनेक दशकं वायुवीजनाचं मोठं काम करत आला. गाडी पुढची शिळी हवा स्टेशनांतून, झरोक्यांतून बाहेर ढकलते, मागून ताजी ओढून घेते. एक गोष्ट मात्र या वाऱ्याला पुरी झेपत नाही, ती म्हणजे उष्णता. मोटारी आणि त्याहून जास्त ब्रेक सतत उष्णता सोडतात. ती जाते भोवतालच्या चिकणमातीत. बोगदे खोदले तेव्हा ही माती 14 अंशांच्या आसपास होती, इतकी गार की उन्हाळ्यात थंडाव्यासाठी भुयारी रेल्वेनं चला अशी जाहिरात होत असे. दिवसभर तापलेला जांभा रात्री अंगण कसं ऊन ठेवतो ते आपल्याला ठाऊक आहे. लंडनच्या मातीचा हा 'दिवस' शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. आज ती जागोजागी 20 अंशांच्या वर गेली आहे, आणि खोल मार्गांवर उन्हाळ्यात हवा 30 अंश ओलांडते. जुन्या गाड्यांना एसी लावणंही सोपं नाही. आधी यंत्राला जागा नाही, आणि डब्यातून काढलेली उष्णता पुन्हा त्याच बोगद्यात ओतायची.

ब्रेक कमी लावावे लागावेत आणि वीज वाचावी म्हणून 1900 साली सुरू झालेल्या सेंट्रल लंडन मार्गावर एक सुंदर युक्ती केली होती. स्टेशनं छोट्या उंचवट्यावर बांधली. येताना 60 मीटरला एक मीटर चढ, गाडी आपोआप मंदावते. जाताना 30 मीटरला एक मीटर उतार, गाडी आपोआप वेग घेते. भोर घाटाचा चढ 37 ला एक आहे, म्हणजे लंडनच्या मध्यवस्तीखाली घाटापेक्षा तीव्र उतार लपलेले आहेत. आपल्या कोकण रेल्वेचा चढ 150 ला एक ठेवला आहे, आणि त्या सौम्यपणाची किंमत डोंगर फोडून बोगद्यांत मोजली. आणि 2020 पासून लंडनच्या इझलिंग्टन भागात, 1922 साली बंद पडलेल्या सिटी रोड स्टेशनच्या जुन्या झरोक्यातून हीच गरम हवा खेचून तिच्या उष्णतेवर आसपासची घरं ऊबदार ठेवतात.

मुंबई मेट्रोची भुयारी ॲक्वा लाइन 2025 च्या ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत पुरी झाली तेव्हा मी मुद्दाम वारा अनुभवायला गेलो. तो लागला नाही. फलाटाच्या कडेला जमिनीपासून वरपर्यंत काचेची दारं आहेत. वारा त्या काचेपलीकडे असतो, आणि झरोक्यांतून वर निघून जातो. स्टेशनचा गारवा वाया जाऊ नये, कुणी रुळांवर पडू नये, यासाठी ते योग्यच आहे. मी काचेला तळहात लावून उभा राहिलो. गाडी दिसण्याच्या थोडं आधी काच अगदी बारीक थरथरली.

काल पुन्हा त्याच पॅसेंजरला स्टेशनवर गेलो, या वेळी मोबाईलचं घड्याळ लावून. आमच्या बोगद्याला वळण असल्यामुळे दिवा उशिरा दिसतो. वेली उलट झुलल्यापासून दिवा दिसेपर्यंत 1 मिनिट 34 सेकंद लागले.