ग्रीन कार्ड हरवलं की मिळणारा परतीचा कागद

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. मारुती चौक, हरभट रोड, गावभाग पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर लोकांनी खरेदीखतं आणि विम्याच्या पॉलिस्या उन्हात वाळत घातल्या. अशा कपाटांत एखादं ग्रीन कार्डही, म्हणजे अमेरिकेतल्या कायम रहिवाशाचं ओळखपत्रही असतं. अमेरिकेतल्या मुलाकडून चार महिन्यांसाठी घरी आलेल्या आईवडिलांचं.

पासपोर्ट गेला तर काय करायचं हे सातारा-सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे: पोलिसांत तक्रार, मग पुण्याच्या विभागीय कार्यालयाच्या अखत्यारीत नवा अर्ज. कार्डाचं तसं नाही. ते परक्या सरकारचं असतं आणि ते सरकार आपल्या वकिलातीत दुसरं कार्ड छापून देत नाही. मिळतो तो एका फेरीपुरता कागद. हा कागद रहिवासाचा हक्क नव्यानं देत नाही, हक्क आधीचाच असतो. कागद लागतो तो मुख्यतः विमान कंपनीला.

याचं मूळ अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्यात आहे. या कायद्यानं काही काळासाठी बाहेर जाणाऱ्या रहिवाशांसाठी पुनर्प्रवेश परवाना आणला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं: व्हिसा नसलेला माणूस आणला, तर त्या प्रत्येकामागे जहाज कंपनीला १,००० डॉलर दंड. कागद तपासायचं काम बंदरावरून तिकीटखिडकीवर सरकलं ते या दंडामुळे. आज मुंबई विमानतळावर काउंटरवरची मुलगी कार्ड मागते तेव्हा ती कंपनीचा दंड वाचवत असते. तिच्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

कार्ड मात्र नंतरचं. १९४० च्या परकीय नोंदणी कायद्यानं चौदा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या परदेशी रहिवाशांना टपाल कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे द्यायला लावले. युद्धानंतर कायम रहिवाशांना हिरवट रंगाची पावती मिळू लागली, तिचंच पुढे ग्रीन कार्ड झालं. १९६४ मध्ये रंग बदलला, नाव चिकटून राहिलं आणि २०१० मध्ये कार्ड पुन्हा हिरवं झालं. दहा वर्षांची मुदत १९८९ पासूनची. आपल्याकडच्या लोकांचा याच्याशी संबंध उशिरा आला. १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला १०० जागांचा कोटा ठरला होता. १९६५ च्या कायद्यानं दार उघडलं, तेव्हा सांगलीच्या वालचंद कॉलेजसारख्या ठिकाणी शिकलेल्या इंजिनिअरांना तिकडची वाट मोकळी झाली.

या सगळ्या इतिहासात मला इग्नाट्झ मेझेई हा माणूस विसरता येत नाही. तो बफेलो शहरात पंचवीस वर्षं राहिलेला. १९४८ मध्ये मरणाला टेकलेल्या आईला भेटायला रुमानियाला निघाला, पुनर्प्रवेश परवाना न घेता. रुमानियानं आत घेतलं नाही, हंगेरीत १९ महिने अडकला. तिथल्या अमेरिकन वकिलातीकडून व्हिसा मिळवून १९५० मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला, तर एलिस बेटावर अडकवला. दुसरा कुठलाच देश त्याला घेईना. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. पुढच्या वर्षी सरकारनंच त्याला सोडलं. आईच्या आजारपणासाठी मिळेल त्या विमानानं येणं आपल्याकडे कुणाला चुकलं आहे? परवान्याचा विचार तेव्हा कोण करतो?

आज कार्ड हरवलं आणि बाहेर राहून वर्ष उलटलेलं नसलं, तर ‘आय-१३१ए’ हा अर्ज भरून वकिलातीत स्वतः जावं लागतं. पासपोर्टवर ‘बोर्डिंग फॉइल’ नावाचं स्टिकर लागतं. स्वतंत्र फॉर्म २०१६ चा. त्याआधी विमान कंपनीच्या नावानं पत्र देण्याची पद्धत होती. दहा वर्षांच्या कार्डाची मुदत नुसती संपली असेल, तर सहसा हाही खटाटोप लागत नाही, कारण तशा प्रवाशाबद्दल कंपनीला दंड होत नाही. वर्ष उलटलं आणि पुनर्प्रवेश परवानाही नसला, तर मात्र प्रश्न हरवलेल्या कार्डाचा राहत नाही. मग परतणाऱ्या रहिवाशाचा ‘एसबी-१’ व्हिसा. परत जायचा इरादा होता आणि लांबलेला मुक्काम आपल्या हातात नव्हता, हे कागदोपत्री सिद्ध करायचं. मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा इथे अडकलेल्यांना हा फरक नीट कळला. पुढे विमानं सुरू झाली, पण सत्तरीतल्या जोडप्याला साथीत वीस तासांचा प्रवास नको वाटला. हे हाताबाहेरचं कारण की मर्जीचं, ते अधिकारी ठरवणार.

कॅनडाचा कायदा या बाबतीत जास्त सरळ वाटतो. तिथे २००२ पर्यंत ‘रेकॉर्ड ऑफ लँडिंग’ हा साधा कागद चाले. जून २००२ च्या नव्या कायद्यानं पीआर कार्ड, म्हणजे कायम रहिवाशाचं कार्ड आणलं आणि २००३ च्या अखेरीपासून विमानात चढायला ते सक्तीचं झालं. कार्ड नसलं तर बाहेरून ‘पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट’ मागायचं. ते देताना पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढल्याचा हिशेब तपासतात. गंमत म्हणजे अमेरिकेचा व्हिसा असलेला माणूस अमेरिकेत उतरून खासगी गाडीनं सीमेवर गेला, तर कार्ड नसलं तरी रहिवासी असल्याची खात्री पटल्यावर अधिकाऱ्यानं त्याला आत घ्यावंच लागतं. अडवणूक विमानाच्या दारातली आहे, हे इथे उघड दिसतं.

ब्रिटननं तर ३१ डिसेंबर २०२४ ची मुदत घालून रहिवासाची बायोमेट्रिक कार्डंच मोडीत काढली आणि ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन खात्यातली नोंद आणली. आता पुरात भिजायला काही नाही. पण इथे पासपोर्ट भिजला, पुण्याहून नवा आला आणि त्याचा क्रमांक ई-व्हिसाच्या खात्यात भरायचा राहिला, तर काउंटरवरच्या संगणकाला तो माणूस सापडत नाही.